हेल्मेटला कुंकू

मांडवीजवळच्या सायकलच्या दुकानात रमाकांत कदमनं हेल्मेट मागितलं, तेव्हा दुकानदारानं मुलाचं वय विचारलं. मुलाला नाही, मलाच हवंय, असं सांगितल्यावर त्यानं आधी रमाकांतकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या काळ्या, बिनगिअरच्या सायकलकडे पाहिलं, आणि काका, या सायकलवर हे शोभणार नाही, असं गुजरातीत अगदी मायेनं सांगितलं. विकायला बसलेला माणूस, पण त्यालाही राहवलं नाही.

रमाकांतनं हेल्मेट घेतलं. निळं, मागे पांढऱ्या रेघा.

वय अठ्ठावन्न. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. दंतेश्वरहून वर्कशॉपपर्यंत चौतीस वर्षं सायकलवर गेला होता, डोक्यावर उन्हाळ्यात रुमाल आणि थंडीत कानटोपी यापलीकडे काही चढवलं नव्हतं. आता का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला, रसिकाला, अंदाज होता. पण अंदाज अर्धाच होता.

खरं असं की त्याला एका बाईला एक गोष्ट सांगायची होती, आणि तीन महिने झाले तरी ती तोंडातून निघत नव्हती. ती निघेपर्यंत निदान डोक्यावर काहीतरी वागवावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

*

दंतेश्वर ते प्रतापनगर

वाडीच्या फाटकापाशीच दत्ताजीराव. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात कचेरीत कारकून होते, आणि त्यांचं कुठलंही बोलणं आजोबांपासून निघायचं. तर आजोबा पगडी घालत. डोकं झाकणं ही आपली रीतच आहे, त्याला नाही म्हणता येणार नाही, पण हे डोकं झाकणं नव्हे, हे डोक्याला भोकं पाडलेलं भांडं घालणं आहे.

पुढे हसमुखभाईंची चहाची लारी, म्हणजे हातगाडी. त्यांचं म्हणणं, तुमची सायकल इतकी धीमी, की यमराजही वाट बघून कंटाळेल आणि माझ्याकडे चहा प्यायला येईल.

वर्कशॉपच्या गेटवरच्या शिपायाला वाटलं नवीन सर्क्युलर निघालंय. नाही म्हटल्यावर त्याला राग आला. नियम नसताना पाळणारी माणसंच उद्या नियम आणवतात.

आत शिरल्यावर तर काय, प्रत्येकाजवळ एकेक इशारा. केस जातात. (रमाकांतला कानाच्या वर तेवढे केस होते, ते कानाच्या वरच राहिले.) मानेचा मणका दबतो. घाम डोक्यात मुरतो आणि ताप येतो. हॉर्न ऐकू येत नाही. पतंगांचं उत्तरायण तोंडावर आलेलं, गावभर मांजा लोंबत होता, तेव्हा जयंतीभाईनं हिशेबानं समजावलं की मांजा गळा कापतो, डोकं नाही. पट्टा गळ्याला बांधायचा सोडून तुम्ही वर काय बांधलंत?

हळदीकुंकवाच्या सुमारास रसिकाच्या मावसबहिणीचा फोन आला. आवाज दबका. भाऊजींच्या डोक्यात काही निघालंय का, डॉक्टरनं जपायला सांगितलंय का. रसिका नाही म्हणाली. आठवड्याभरात तिला वाडीतल्या तीन बायकांनी मांडीवर हात ठेवून धीर दिला, आणि चौथीनं मुंबईच्या एका डॉक्टरांचा नंबर.

"घालताय ना," रसिका म्हणाली, "मग ऐकूनही घ्या. मी पण ऐकतेच आहे."

तो ऐकून घ्यायचा. उलट उत्तर नाही, स्पष्टीकरण नाही. एका रविवारी रस्त्यावर घट्ट कपड्यांतला सायकलवाल्यांचा घोळका सिग्नलला शेजारी थांबला. त्यांच्यातल्या एका मुलीनं वाकून बघितलं आणि हिंदीत म्हणाली, अंकल, तुम्ही हे उलटं घातलंय.

अकरा दिवस तो ते पाठचं पुढे करून घालत होता. अकरा दिवसांत निदान चाळीस माणसांनी त्या हेल्मेटविषयी मत दिलं होतं. ते उलटं आहे हे चाळिसांतल्या एकालाही दिसलं नव्हतं.

त्यानं सिग्नलला ते सुलटं केलं, आणि घरी पोचेपर्यंत त्याचाच विचार करत राहिला. ही माणसं हेल्मेट बघतच नव्हती. दत्ताजीराव आजोबांना बघत होते, शिपाई साहेबाला, मावसबहीण आजाराला. बोलून झालं की पुढच्या वळणाला विसरूनही जात होती. त्यात वाईट काही नव्हतं. चहा प्यायल्यासारखं होतं ते.

तोही असंच बोलून विसरला असता. मित्राच्या सायकलला कुत्रं आडवं आलं नसतं तर.

*

खंडेनवमी, जशी नयनावहिनींना सांगितली

वर्कशॉपमधल्या मित्राच्या, श्रीकृष्णाच्या बायकोला, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, उभ्यानं.

की अर्धा दिवस होता. पूजा झाली, फाफडा-जिलेबी झाली, दोन वाजता आम्ही निघालो. दंतेश्वरच्या वळणापर्यंत बरोबर होतो. मग मी माझ्या रस्त्याला, श्रीकृष्ण तरसालीला. पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडत आलं, कुत्रं आडवं आलं, तो सायकलवरून डोक्यावर पडला.

नयनावहिनींनी विचारलं, हेल्मेट कुठं होतं त्यांचं?

ते हेल्मेट पुण्याहून मुलीनं पाठवलेलं. यशश्रीनं. बाबांच्या वाढदिवसाला, जुलैमध्ये. बाबांकडून फोनवर शब्दही घेतला होता.

रमाकांतनं सांगितलं, "लॉकरमध्ये राहिलं बहुतेक."

एवढंच. एक ओळ. त्या वेळी आत श्रीकृष्णाच्या डोक्याचं ऑपरेशन चाललं होतं. जिभेवर आलं ते त्यानं सांगितलं. दसऱ्यानंतर वर्कशॉप उघडलं, त्यानं हेल्मेट आणून वहिनींच्या हातात दिलं. स्वच्छ, पुसलेलं.

पण बाईमाणसाचं मन एका ओळीवर थांबत नाही. हेल्मेट लॉकरमध्ये, आणि ते इतकं स्वच्छ. तीन महिने उन्हापावसात घातलेलं हेल्मेट असं असतं? वहिनींनी बेरीज केली. नवरा घरून आपल्याला दाखवायला घालून निघायचा आणि पुढे काढून ठेवायचा. लोक हसतात म्हणून. तीन महिने रोज संध्याकाळी घरात शिरताना डोक्यावर घालून यायचा, आणि आपण मुलीला फोनवर सांगत होतो की हो गं, घालतात.

ही बेरीज चूक होती, आणि ती ऐकणाऱ्यांत हे एकाच माणसाला ठाऊक होतं.

*

श्रीकृष्ण वाचला. बावीस दिवसांनी घरी आला. उजवा हात अर्धा राहिला, वास गेला, नोकरी गेली. शब्द गेले नाहीत, पण जागा सोडून बसले. चहाला तो पंखा म्हणायचा. रमाकांतला कधी जयंती म्हणायचा, कधी मास्तर, एकदा तर आत्या म्हणाला आणि स्वतःच हसला. शब्द शिकवायला प्राची नावाची एक मुलगी यायची, चित्रं दाखवायची, तो घामाघूम व्हायचा.

खंडेनवमीचा दिवस तर पुरताच पुसून गेला होता. त्या सकाळी त्यानं बूट घातले, इथपर्यंत त्याला आठवायचं.

रमाकांत दर रविवारी जायचा. खुर्ची ठरलेली, खिडकीजवळची. भेटायला कुणी ना कुणी आलेलं असायचं, आणि वहिनी चहा देता देता सगळं सांगायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशा, तो तिथं नसल्यासारखं. मुलीनं एवढं प्रेमानं पाठवलं. ह्यांना लाज. लॉकरात ठेवायचे हो. मला, पोरीला, दोघींना फसवलं तीन महिने. आता भोगतोय आम्ही तिघं.

आणि शेवटी श्रीकृष्ण मान हलवायचा, आणि म्हणायचा:

"चूक माझी."

स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता. चहाला चहा म्हणता न येणाऱ्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द सरळ यायचे. प्राचीला त्याचं कौतुक वाटलं होतं. वहीत तिनं त्यावर बरोबरची खूण केली होती.

*

खंडेनवमी, जशी स्वतःला सांगितली

सायकलवर, निळं हेल्मेट घालून, फेब्रुवारी आणि मार्च.

की मजा सगळ्यांनीच केली. एकट्यानं कोण करतं? जुलैपासून सगळा विभाग श्रीकृष्णाच्या हेल्मेटच्या मागे लागला होता. कुणी कढई म्हणायचं, कुणी टरबूज. जयंतीभाई रोज सकाळी त्याला सॅल्यूट ठोकून, पायलटसाहेब, विमान किती वाजता, असं विचारायचा. पूजेच्या दिवशी कुणीतरी ते हेल्मेट पूजेच्या टेबलावर ठेवलं. कुणी ठेवलं ते नक्की कुणाला आठवणार? गर्दी होती. आणि तो काय लहान होता, छपन्न वर्षांचा माणूस, उचलायचं होतं तर उचलायचं.

हे सांगणं दंतेश्वरपासून प्रतापनगरच्या पुलापर्यंत टिकायचं. पुलाचा चढ लागला की सुटायचं.

*

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तरसालीला श्रीकृष्णाचे सावली गावचे नातेवाईक आले होते, नवराबायको. ऊन असं की रमाकांतच्या हेल्मेटच्या पट्ट्यातून घाम टपकत होता. त्यानं ते काढून मांडीवर ठेवलं. सावलीच्या पाहुण्यांना लगेच वाटलं की उन्हाळ्यात हे घालणं बरं नाही, मेंदूला हवा लागली पाहिजे, त्यांच्याकडे एकाला अशानंच—

वहिनींनी त्यांना मध्येच थांबवलं.

"असं नका म्हणू. भाऊजींनी बघून शहाणपण घेतलं. सगळं गाव हसतं त्यांना, रसिकावहिनी सांगतात ना. पण काढत नाहीत. असा पाहिजे माणूस." आणि मग श्रीकृष्णाकडे न बघता, "एवढा मित्र शेजारी असून ह्यांनी काही घेतलं नाही."

श्रीकृष्णानं रमाकांतकडे पाहिलं. आपुलकीनं, थोडं अभिमानानं सुद्धा. मान हलवली.

"चूक माझी," तो म्हणाला.

पाहुणे गेले. वहिनी कप गोळा करायला लागल्या. रमाकांत उठला नाही. वहिनी, बसा, तो म्हणाला. त्या उभ्याच राहिल्या, हातात कपबशा. बसा जरा, तो पुन्हा म्हणाला. मग बसल्या.

*

खंडेनवमी, जशी झाली

आपल्याकडे हत्यारं नवमीला पुजतात, गुजराती मंडळी दसऱ्याला. दसऱ्याला सुट्टी, म्हणून वर्कशॉपमध्ये सगळ्यांची पूजा नवमीलाच उरकायची. बाराच्या ठोक्याला यंत्रं बंद. लांब टेबलावर लाल कापड, त्यावर हातोडे, पाने, कानशी, छिन्न्या, सगळं घासूनपुसून ओळीत, प्रत्येकाला कुंकू आणि झेंडूचं फूल. ही मांडणी वीस वर्षं रमाकांत करत होता. कुठलं हत्यार कुठं, कुंकू कुठल्या बोटानं, कधी उचलायचं, हे सगळं त्याच्याकडे. पूजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, हा नियमही त्याचाच. एरवी त्याचं कुणी फारसं ऐकायचं नाही, साहेब तर नाहीच. त्या एका दिवशी मात्र त्याचा शब्द शेवटचा असायचा, आणि त्याला तो दिवस आवडायचा.

हेल्मेट त्यानंच उचललं. श्रीकृष्ण हात धुवायला गेला होता. खुंटीवरून काढून रमाकांतनं ते मोठ्या हातोड्याच्या शेजारी ठेवलं, त्याला कुंकू लावलं, वर फूल ठेवलं, हात जोडले. सगळा विभाग खो खो हसला. श्रीकृष्ण आला, तोही हसला. तो असल्या गोष्टींवर चिडायचा नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा जयंतीभाईनं खोडी काढली. काका, हेल्मेट तर पुजलं, आता ते दसऱ्यापर्यंत हलणार नाही. पण सायकलींनाही हार घातलेत, मग आम्ही काय चालत जायचं?

रमाकांतनं निवाडा दिला. कमरेवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. वाहन पुजलं तरी चालतं. दसऱ्याला ते फिरवायचंच असतं. आयुध विसावतं. हेल्मेटला चाकं नाहीत. म्हणजे आयुध.

टाळ्या पडल्या.

श्रीकृष्ण टेबलाजवळ गेला. त्यानं हेल्मेटला हात लावला होता. रमाकांतला हे नीट आठवत होतं, बोटाला कुंकू लागलं तेसुद्धा. तो हळूच म्हणाला, "रमाकांता, गंमत झाली. उचलू ना आता? यशूला शब्द दिलाय."

आणि रमाकांत म्हणाला, "उचल की. देवाचं काय, तुझी श्रद्धा तुझ्यापाशी."

श्रीकृष्ण दर शनिवारी अनवाणी मारुतीला जाणारा माणूस. त्यानं हात मागे घेतला.

दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी रमाकांत सगळ्यांच्या आधी वर्कशॉपला पोचला. फूल वाळलं होतं. घासलेटच्या फडक्यानं त्यानं कुंकू पुसलं. भोकांच्या कडेला बसलेलं निघेना, तेव्हा खिळ्यानं कोरून काढलं. म्हणून ते इतकं स्वच्छ होतं.

*

सांगून झालं तेव्हा बशीतल्या उरलेल्या चहाला साय धरली होती.

वहिनींनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

"म्हणजे रोज घालत होते?"

"रोज."

"इथून तिथपर्यंत? मध्ये काढून नाही?"

"नाही, वहिनी. तीन महिने आम्ही काय काय बोललो त्याला. एकदाही काढलं नाही त्यानं. त्या दिवशीच. आणि ते माझ्यामुळं."

त्या रमाकांतकडे बघत नव्हत्या. नवऱ्याकडे बघत होत्या. आतापर्यंत रमाकांतनं जे जे डोळ्यांपुढे आणलं होतं, त्यात त्या त्याला शिव्या देतील, नाहीतर रडतील, नाहीतर जाऊ द्या भाऊजी म्हणतील, असं काहीतरी होतं. सहा महिने त्यानं स्वतःला किती गुन्हेगार ठरवावं याचाच घोळ घातला होता. आपण गप्प बसलो त्या काळात या बाईनं रोज एका निर्दोष माणसाला बोल लावला, आणि आता तेही तिच्या पदरात पडणार, हे त्याला तिचं तोंड बघेपर्यंत सुचलं नव्हतं.

श्रीकृष्ण खाटेवर ताठ बसला होता. त्याला किती कळलं, कुणास ठाऊक. त्याची सवय झालेली, कुणाचं बोलणं संपलं की त्याची पाळी. त्यानं तोंड उघडलं.

"चूक..."

आणि थांबला. पुढचा शब्द त्याला सापडत नव्हता असं नाही. तो शब्द तर तयार होता. त्यानं तो गिळला, रमाकांतला दिसलं ते. मग त्यानं डावा हात वर केला, पाच बोटं उघडली, मिटली, आणि एक अंगठा दाखवला.

"सहा," तो म्हणाला. "सहा महिने." मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट. "बसलास. इथं. ऐकत."

"हो," रमाकांत म्हणाला.

"जा."

रमाकांतनं वहिनींकडे पाहिलं. त्या मित्राच्या वतीनं काही बोलतील असं त्याला वाटलं असावं, जुनी सवय. आजारी माणूस, मनावर घेऊ नका, असं काहीतरी.

"जा तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "परत या असं मी आत्ता म्हणत नाही. यायचं असेल तेव्हा ते सांगतील."

तो उठला. दाराशी बूट घालताना नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला. मागे दार लागलं.

एक मजला उतरला असेल तोच वरून आवाज आला. श्रीकृष्णाचा. गेल्या सहा महिन्यांत तो आवाज इतका मोठा झाला नव्हता. शब्द कुठलेही येत होते, पंखा, डबा, आत्या, शनिवार, पण बोलणं रागाचं होतं आणि कुणावर ते कळत होतं. मध्ये वहिनी बोलल्या. त्याही मोठ्यानं. पाहुण्यांशी बोलायच्या तो खालचा, पुसट आवाज नव्हता. "मग मला का नाही सांगितलंत?" "आठवत नव्हतं तर हो कशाला म्हणत होतात?" "मी रोज बोलत होते, तुम्ही रोज मान हलवत होतात." आणि मग पुन्हा त्याचा आवाज, अडखळत, आदळत. त्या थांबत होत्या, त्याला शब्द शोधू देत होत्या, आणि मिळाला की त्यावर भांडत होत्या. इतके दिवस त्या त्याच्याविषयी बोलत होत्या. आता त्याच्याशी बोलत होत्या.

पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं. एक गुजराती आजी बाहेर आल्या, वर मान करून ऐकलं, रमाकांतला ओळखलं. त्यांचं म्हणणं पडलं की आजारी माणसाला असं बोलू देणं बरं नाही, डोक्याची केस आहे, तुम्ही मित्र आहात, वर जाऊन दोघांना समजवा.

"बोलू द्या त्यांना, बा," रमाकांत म्हणाला, आणि कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या उतरला.